अंगणाचा ठेका

घराचं काम संपत आलं की अंगणाची पाळी येते. तोवर पैसे संपलेले असतात, माणसं कंटाळलेली असतात आणि वास्तुशांतीची तारीख छापून झालेली असते. मग स्लॅबच्या वेळी उरलेली खडी, कोपऱ्यात पडलेली क्रश सँड आणि दुकानातून उधारीवर आणलेल्या सिमेंटच्या गोण्या यांत फाटकापासून ओट्यापर्यंतची पट्टी उरकली जाते. जुन्नर तालुक्यातल्या वारूळवाडी-नारायणगावात कुठल्याही आळीत शिरा. दोन-तीन पावसाळे पाहिलेल्या अंगणांत फाटकाजवळ चाकांच्या रेषेत खचलेली जमीन, मधोमध आडवी गेलेली भेग आणि ओट्याच्या कोपऱ्यात साचलेलं पाणी दिसेल. जुनं उखडून नवं करणाऱ्यांच्या दारातही काही वर्षांनी हेच दिसतं, कारण दुसऱ्या वेळचा ठेकाही पहिल्यासारखाच, बोटाने जागा दाखवून दिलेला असतो.

या भागात अंगणावर येणारं वजनही साधं नाही. पुण्यातल्या बंगल्याच्या दारात मोटार उभी राहते, इथे टोमॅटोची पिकअप उभी राहते. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचं क्रेट २० किलोचं धरतात. ७५ क्रेट भरले की दीड टन माल झाला, गाडीचं स्वतःचं वजन वेगळं, आणि त्यातलं बरंचसं मागच्या चाकांवर येतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा हिशेब याहून जड. म्हणून ठेकेदाराने ‘दादा, किती जागा आहे?’ असं विचारण्याआधी ‘दारात काय काय येतं?’ हे विचारायला हवं. त्याने विचारलं नाही तर आपण सांगावं. ज्याने हा प्रश्न स्वतःहून विचारला, त्याच्या नावापुढे मनात एक खूण करून ठेवायला हरकत नाही.

वजन शेवटी पेलते जमीन. ही गोष्ट ब्रिटनमधल्या मॅकाडम या रस्तेबांधणीकाराने दोनशे वर्षांपूर्वी ओळखली. १८१६ मध्ये ब्रिस्टल भागातल्या रस्त्यांचं काम त्याच्याकडे आलं. तोवरच्या इंजिनिअरांचा भर रस्त्याखाली मोठमोठे दगड रचण्यावर होता. मॅकाडमचं म्हणणं असं की गाडीचा भार अखेर खालची मूळ माती घेते. ती कोरडी राहिली तर हवा तेवढा भार घेईल, म्हणून रस्ता आजूबाजूपेक्षा उंच ठेवायचा, वर बारीक फोडलेल्या खडीचा घट्ट थर द्यायचा आणि पाणी खाली उतरूच द्यायचं नाही. जुन्नर तालुक्याच्या माणसाला हे ऐकून नवल वाटू नये. नाणेघाटाची दगडी वाट सातवाहनांच्या काळापासून पायाखाली आहे. वरच्या लेण्यात राणी नागनिकेचा शिलालेख आहे आणि घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आहे. कोकणच्या तोंडावर, मुसळधार पावसात ती वाट टिकली, याचं एक कारण सरळ आहे: तिच्याखाली काळा पाषाणच आहे आणि उतारामुळे पाणी थांबत नाही.

वारूळवाडीत पायाखाली पाषाण नाही. मीना नदीच्या खोऱ्यातली ही जमीन ऊस, द्राक्षं आणि टोमॅटोसाठी नावाजलेली. जी माती पिकाला चांगली तीच अंगणाला वाईट, हे ऐकायला विचित्र वाटतं पण खरं आहे. काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज असतं. त्याच्या पातळ पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की माती फुगते, वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या यामुळेच. अंगणाखाली हीच माती असली तर कडेची माती पावसात भिजून वर येते, मधली कोरडी राहते, आणि वरचं काँक्रीट या ओढाताणीत मोडतं. काँक्रीट दाबाला भक्कम असतं, वाकायला मात्र नाही.

आपल्या दारातली माती कितपत फुगणारी आहे, हे बघायची एक जुनी रीत आहे. प्रयोगशाळेत १० ग्रॅम चाळलेली कोरडी माती एका नळीत पाण्यात आणि तेवढीच दुसऱ्या नळीत रॉकेलमध्ये टाकून एक दिवस ठेवतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोन्हींतला फरक रॉकेलमधल्या आकारमानाच्या किती टक्के, तो त्या मातीचा फुगवटा. केंद्राच्या रस्तेबांधणीच्या तपशिलानुसार हा आकडा ५० टक्क्यांच्या पुढे गेला तर ती माती भरावाला चालत नाही. घरी दोन सारख्या काचेच्या ग्लासांत हा प्रयोग ढोबळमानाने करता येतो, रॉकेल मिळवणं हीच काय ती अडचण. नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात माती तपासून खताची मात्रा ठरवणारा शेतकरी स्वतःच्या दारातली माती मात्र बघतही नाही, याची मला गंमत वाटते.

आता ठेकेदाराकडे येऊ.

आपल्याकडे अंगणाचं काम तीन प्रकारची माणसं घेतात. घर बांधलेला गवंडी ‘जाता जाता करून देतो’ म्हणतो. पेव्हर ब्लॉकवाला ब्लॉक विकतो आणि बसवणारी टोळी सोबत देतो. तिसरा ट्रिमिक्सवाला, त्याच्याकडे यंत्रं असतात. तिघांची बोली वेगळी, पण दर तिघेही चौरस फुटावर सांगतात, आणि गोंधळाला इथूनच सुरुवात होते. चौरस फूट ही वरच्या पृष्ठभागाची मोजणी. खाली काय आणि किती जाडीचं, याचा त्यात उल्लेखच नाही. एकाने सांगितलेला दर दुसऱ्यापेक्षा कमी असेल तर तो स्वस्त आहे की त्याने मुरूम धरलेलाच नाही, हे कळायला मार्ग नसतो. पुन्हा ‘ब्रास’ आहेच. या भागात ब्रास म्हणजे फरशी-प्लास्टरच्या कामात १०० चौरस फूट आणि खडी-मुरमाच्या बाबतीत १०० घनफूट. एकाच कागदावर दोन्ही अर्थांनी ब्रास लिहिलेलं असलं की कोणाचाही हिशेब चुकावा.

म्हणून तीन ठेकेदारांकडून दर मागवताना तिघांना एकच कागद द्यावा. त्यात जागेचं माप, काढायच्या मातीची खोली, मुरमाचा दाबून झालेला थर, खडीचा थर, वरच्या थराची जाडी आणि प्रत, उतार कुठून कुठे, कडेला काय, पाणी-वीज कोणाची, राडारोडा कोण कुठे टाकणार, हे सगळं लिहिलेलं असावं. दराची खात्री करायची तर सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची पाहायला मिळते. त्यात खोदाई, मुरूम, खडी, काँक्रीट यांचे दर वेगवेगळे दिलेले असतात. बाजारात नेमका तोच दर मिळेल असं नाही, पण कुठल्या थराला साधारण किती पैसे लागतात याचं प्रमाण समजतं. आणि प्रमाण समजलं की भलत्याच स्वस्त दरपत्रकात कुठल्या थराला कात्री लागली आहे, तेही समजतं.

दरसूचीप्रमाणेच सरकारी कामाची आणखी एक गोष्ट घरच्या कामात उसनी घ्यावी: मोजमाप पुस्तिका. इंग्रजी अमदानीपासून चालत आलेली ही वही. कुठलाही थर झाकला जाण्यापूर्वी अभियंत्याने जागेवर जाऊन त्याची लांबी, रुंदी, खोली वहीत नोंदवायची आणि त्या नोंदीवरच बिल निघायचं, असा तिचा नियम. झाकलेल्या कामाचं माप नंतर घेता येत नाही, या अनुभवातून ही पद्धत जन्मली. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली आपल्या गल्लीतल्या रस्त्याची अशी वही मागून पाहता येते. (आता तुम्ही म्हणाल, एवढी वही असून सरकारी रस्ते असे का? वही कार्यालयात बसून भरली तर तिचा काही उपयोग नाही, हे त्याचं उत्तर. पद्धतीत दोष नाही.) घरच्या कामाला शाळेची दोनशेपानी वही पुरते. प्रत्येक थर झाला की टेप लावून माप लिहायचं, ठेकेदाराची आणि आपली सही, आणि टेप दिसेल असा मोबाइलवर फोटो. हे सुरुवातीलाच सांगितलं तर चांगला ठेकेदार रागावत नाही. ‘शेठ, आमच्यावर विश्वास नाही का?’ असं जो म्हणतो, त्याला चहा पाजून निरोप द्यावा.

बहुतेक घरमालक काँक्रीट पडायच्या दिवशी रजा काढून उभे राहतात. त्या दिवशी उभं राहून फारसा फायदा नाही. उभं राहायचं ते खोदाईच्या आणि मुरूम दाबायच्या दिवशी. काळी माती निदान फूट-दीड फूट काढून टाकावी लागते, आणि ठेकेदाराला नेमकी हीच गोष्ट जिवावर येते. जेसीबी आणायचा, डंपर लावायचा, माती टाकायला जागा शोधायची. मातीला गिऱ्हाईक मात्र शेतातच असतं, हलक्या रानावर टाकायला ती कोणीही घेऊन जातो. ती बोलणी आपणच आधी केली तर ठेकेदाराची एक सबब संपते. माती काढल्यावर तळाला पाणी मारून रोलर फिरवायचा, कुठे चिखल उसळत असेल तर तेवढी जागा आणखी उकरायची. मग मुरूम.

मुरूम एकदम फूटभर पसरून वर रोलर फिरवला की वरचे चार-पाच इंच घट्ट होतात आणि खालचा तसाच भुसभुशीत राहतो. अंगण पहिल्या पावसात बसतं ते यामुळे. सहा इंचांचे सैल थर द्यायचे, प्रत्येकावर पाणी शिंपडायचं, रोलर किंवा निदान प्लेट कॉम्पॅक्टर फिरवायचा आणि मगच पुढचा थर. हाताची धुम्मस कोपऱ्यांपुरती ठीक. दाबून झाल्यावर मुरूम पाचवा हिस्सा तरी कमी होतो. बारा फूट रुंद आणि चाळीस फूट लांब, म्हणजे ४८० चौरस फुटांच्या पट्टीला दाबलेला फूटभर थर हवा असेल तर ४८० घनफूट, म्हणजे ४.८ ब्रास. पण गाडीतून उतरलेला सैल मुरूम सहा ब्रासच्या आसपास लागेल. तुमच्याकडे पाचच ब्रास उतरला असेल तर थर किती झाला, ते मोजायचीही गरज नाही.

आणि ट्रॉलीतला ब्रास ट्रॉली मोजूनच धरायचा. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, दीड फूट उंच अशा ट्रॉलीत ९० घनफूट माल बसतो, त्यालाही ‘एक ब्रास’ म्हणायची पद्धत आहे. वरची शीग धरून भरते म्हणतात, पण रस्त्यावरच्या खड्ड्यांत ती निम्मी सांडलेली असते. मुरूम आणि खडी ही गौण खनिजं आहेत, त्यांच्या वाहतुकीला पास लागतो. पासाची जबाबदारी ठेकेदाराची, हे कागदावर लिहून घेतलेलं बरं, नाहीतर तहसीलच्या पथकाने गाडी अडवली की काम आपलं थांबतं.

मुरूम झाला की वर खडीचा थर, आणि तो झाकण्याआधी एक काम विसरू नये. आज लागो न लागो, फाटकाजवळ, मध्यावर आणि ओट्याजवळ चार इंची पीव्हीसी पाइपाचे आडवे तुकडे टाकून, दोन्ही तोंडं बंद करून ठेवावेत. उद्या बोअरची केबल, ठिबकची नळी, कॅमेऱ्याची वायर, काहीतरी पलीकडे न्यायचं असतंच. नव्याकोऱ्या काँक्रीटमधून कटरने काढलेली नाली आणि वरून थापलेलं वेगळ्या रंगाचं सिमेंट, हे दृश्य इतकं सर्वत्र आहे की ते नक्षीचाच भाग वाटावं.

काँक्रीटचा हिशेब गोण्यांवरून करता येतो, आणि हा हिशेब घरातल्या कोणालाही जमेल. वरच्याच पट्टीवर पाच इंच काँक्रीट म्हणजे २०० घनफूट, दोन ब्रास, म्हणजेच ५.६६ घनमीटर. एम-२० प्रतीच्या काँक्रीटला, म्हणजे एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी या प्रमाणाला, घनमीटरमागे साधारण आठ गोण्या लागतात. एकूण ४५. आता संध्याकाळी रिकाम्या गोण्या ३६ भरल्या, तर दोनच शक्यता. एक तर जाडी पाचऐवजी चार इंच झाली आहे, कारण चार इंचांना बरोबर ३६ लागतात. किंवा माल एकास दोन, चार असा हलका कालवला आहे, कारण पाच इंचांना त्या प्रमाणानेही ३६ च लागतात. रिकाम्या गोण्या गवंड्याच्या माणसांनी शेकोटीला किंवा बसायला नेऊ नयेत, सगळ्या एका जागी मोजून ठेवाव्यात, एवढं सांगायचं.

पाण्याचा हिशेब याहून सोपा आणि याहून दुर्लक्षित. आयएस ४५६ या भारतीय मानकाच्या तक्त्यात एम-२० साठी ५० किलोच्या एका गोणीला जास्तीत जास्त ३० लिटर पाणी दिलं आहे. म्हणजे पंधरा लिटरच्या दोन बादल्या, आणि वाळू ओली असेल तर तिच्यातलं पाणीही त्यातच धरायचं. आपल्या कामावर काय होतं? मिक्सरच्या तोंडाशी नळी सोडून ठेवलेली असते. माल पातळ झाला की फावड्याने ओढायला सोपा, पसरायला सोपा, वरून गुळगुळीतही दिसतो. जास्तीचं पाणी नंतर उडून जातं आणि आत सूक्ष्म पोकळ्या सोडून जातं. वर्षभरात वरची साय निघून खडी उघडी पडते. ट्रिमिक्समध्ये ओल्या काँक्रीटवर चटई अंथरून व्हॅक्यूम पंपाने हेच जास्तीचं पाणी ओढून घेतात आणि मग यंत्राने पृष्ठभाग घोटतात. पृष्ठभाग खरोखर टणक होतो. पण ट्रिमिक्स केलं म्हणून खालची काळी माती फुगायची थांबत नाही, आणि ट्रिमिक्सवाले हे आपणहून सांगत नाहीत. शिवाय आरशासारखं घोटलेलं अंगण पावसात निसरडं होतं. घरात म्हातारी माणसं असतील तर शेवटी झाडूने आडव्या रेघा मारून घ्याव्यात.

तयार काँक्रीटची गाडी मागवायची तर आपली ५.६६ घनमीटरची गरज एका सहा घनमीटरच्या गाडीत भागते, हा योग चांगला. पण माल प्लँटवर भरल्यापासून दोन तासांत उतरला पाहिजे, असा मानकाचा दंडक आहे. चाकणहून निघालेली गाडी चाळीसेक किलोमीटर येणार, वाटेत ट्रॅफिक. जवळचा प्लँट असेल तरच हा विचार करावा. आणि भरलेल्या गाडीचं वजन पंचवीस टनांच्या घरात जातं. ती तुमच्या गल्लीतून येताना शेजाऱ्याच्या दारातलं गटाराचं झाकण मोडून आली, तर अंगणाच्या खर्चात ते झाकणही धरायचं.

लोखंडी जाळी टाकली म्हणजे भेग पडणार नाही, अशी समजूत आहे. जाळी भेग रुंदावू देत नाही, एवढंच तिचं काम, आणि त्यासाठी ती काँक्रीटच्या वरच्या तिसऱ्या हिश्श्यात असायला हवी. बहुतेक कामांत ती तळाला मुरमावर निजलेली असते. ‘माल टाकताना वर ओढून घेऊ’ हे वाक्य ऐकलं की जाळी उचलून धरणारे कव्हर ब्लॉक मागावेत. काँक्रीट आक्रसणार आणि कुठेतरी फाटणारच, मग ते आपण सांगू तिथे फाटावं, म्हणून कापे मारतात. पाच इंच जाडीला दर दहा फुटांवर, जाडीच्या पाव ते एक तृतीयांश खोल, आणि शक्यतो दुसऱ्या दिवसाच्या आत. आठवड्याने कटरवाला मोकळा झाला तेव्हा मारलेल्या काप्याला अर्थ नसतो, भेगेने तोवर आपली वाट शोधलेली असते. ओट्याला काँक्रीट थेट चिकटवू नये, मध्ये थर्माकोलची पट्टी सोडावी. नाहीतर अंगण हलताना ओट्याची कड घेऊन जातं.

माझा स्वतःचा कल मात्र वारूळवाडीसारख्या जमिनीवर पेव्हर ब्लॉककडे आहे. काळी माती थोडी वर-खाली झाली तरी ब्लॉक मोडत नाहीत, हलतात. पाइप फुटला तर वीस ब्लॉक काढून दुरुस्ती करून तेच परत बसवता येतात. मानकाप्रमाणे ५० मिलिमीटरचा ब्लॉक पायी चालण्याच्या जागेसाठी आहे, हलक्या वाहनांना ६० मिलिमीटरचा आणि एम-३५ प्रतीचा हवा. दुकानात रंग आणि आकारावर चर्चा होते, जाडीवर होत नाही, आणि दारात ५० चा येऊन पडतो. फूटपट्टी लावायला एक क्षण पुरतो. एक ब्लॉक फोडूनही बघावा: वरचा रंगीत थर पापुद्र्यासारखा सुटून येत असेल तर ती गाडी परत पाठवावी. कालच साच्यातून काढलेले, अजून पाणी न प्यालेले ब्लॉक मागणी वाढली की बाजारात येतात, तेव्हा कारखान्याकडून चाचणीचा अहवाल मागणं रास्त आहे.

ब्लॉकचं काम बिघडतं ते कडेला. दोन्ही बाजूंना काँक्रीटमध्ये बसवलेले कर्ब नसतील तर चाकाच्या रेट्याने ब्लॉक बाहेर सरकत जातात, फटी रुंदावतात, त्यातली वाळू वाहून जाते आणि मग एकेक ब्लॉक डुगडुगायला लागतो. दरपत्रकात कर्बची ओळ नाही, असं बऱ्याचदा दिसतं. खालची वाळू इंच-दीड इंचच असावी. खालचा उंच-सखलपणा वाळूने भरून काढणं म्हणजे उद्याचे खड्डे आज पुरून ठेवणं. गाडी वळते तिथे सरळ ओळींऐवजी काटकोनात गुंफलेली मांडणी घ्यावी, ती पिळाला जास्त दाद देत नाही.

उताराचं गणित आधी करायचं असतं, पण ते होतं शेवटी. अंगणाला पन्नास-साठ फुटांत एक फूट उतार हवा, म्हणजे बारा फुटांच्या रुंदीत सुमारे तीन इंच. पाणी ओट्यापासून दूर जायला पाहिजे, आणि ते शेजाऱ्याच्या हद्दीत सोडता येत नाही. ठेकेदाराने पारदर्शक नळीत पाणी भरून तीन जागांची पातळी काढावी: ओट्याची, फाटकाची आणि बाहेरच्या रस्त्याची. रस्त्याची यासाठी की तो दर डांबरीकरणाला इंच-दोन इंच वर चढतो. दहा वर्षांपूर्वी फाटकाबाहेर उतार असलेल्या कित्येक घरांत आता रस्त्याचं पाणी आत येतं. जुनं काढून नवं करण्याचं खरं कारण पुष्कळदा हेच असतं, आणि तिथे नुसतं वरून काँक्रीट चढवलं तर ओटाच बुडतो. फाटकासमोर ग्रामपंचायतीचं गटार असेल तर त्यावर भराव टाकून बुजवता येत नाही, खाली पाइप घालावा लागतो आणि त्यासाठी ग्रामपंचायतीला अर्ज द्यावा. पाइप निदान फूटभर व्यासाचा असावा, म्हणजे प्लास्टिक अडकलं तरी हाताने काढता येईल. घर सार्वजनिक बांधकामच्या रस्त्यावर किंवा पुणे-नाशिक महामार्गाला लागून असेल तर परवानगी त्या त्या खात्याची.

पैशांची बोली. उचल मागितली जाणारच, टोळीला दिल्याशिवाय माणसं येत नाहीत. पण उचल ही पुढच्या टप्प्याच्या मालाइतकीच असावी. माती निघाली, थोडे पैसे. मुरूम मोजून दाबला, आणखी. सिमेंट-खडी दारात उतरली, आणखी. आणि दहा टक्के पावसाळ्यानंतर. सरकारी कामात याला अनामत म्हणतात, ज्या काळात दोष निघाला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा, तो दोषदायित्व कालावधी. घरच्या कामात एक पावसाळा पुरेसा. ठेकेदार अठरा टक्के जीएसटी लावत असेल तर नोंदणी क्रमांक मागावा, नोंदणी नसलेल्याला तो आकारताच येत नाही. सिमेंटवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा त्याआधीच्या जुन्या दरपत्रकावर बोलणी करू नये. आणि भांडण लागलंच तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. तिथे आपली दोनशेपानी वही आणि टेपचे फोटो वकिलापेक्षा जास्त बोलतात.

काम कधी काढायचं? दिवाळीनंतर. मुरूम ओला नसतो, ऊन कडक नसतं आणि काँक्रीटला सावकाश मुरायला मिळतं. मे महिन्यात सगळेच पावसाआधी उरकायच्या घाईत असतात, टोळ्या एका दिवसात दोन कामं धरतात आणि दुपारच्या उन्हात टाकलेल्या काँक्रीटला संध्याकाळपर्यंत कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडलेल्या असतात. दुकानात आज मिळणारं सिमेंट बहुतेक पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं. त्याला आयएस ४५६ प्रमाणे किमान १० दिवस पाणी हवं, १४ दिवस दिलं तर उत्तम. ‘तीन दिवस मारा, बास’ हा सल्ला धरू नये. नळीने सकाळ-संध्याकाळ शिंपडण्यापेक्षा मातीची आळी करून पाणी तुंबवून ठेवलं की रात्रीची चिंता राहत नाही. जुन्नर तालुक्यात हा मुद्दा थट्टेचा नाही. उसाच्या कडेला घर असेल तर बिबट्याच्या भीतीने अंधार पडल्यावर अंगणात कोणी जात नाही, आणि पाणी मारायचं नेमकं राहून जातं.

दहा-बारा दिवसांनी मोटार आत घ्यावी, भरलेली पिकअप आणि ट्रॅक्टर २८ दिवसांनी. नेमकी तोडणी त्याच आठवड्यात असते, म्हणून फाटकात दगड लावून ठेवावेत.

मग पावसाळा. पहिला मोठा पाऊस पडून गेला की अर्ध्या तासाने अंगणात एक फेरी मारावी. रुपयाच्या नाण्याच्या जाडीएवढं पाणी कुठे साचलं असेल तर ते चालतं. बोटाचं पेर बुडत असेल तर ठेकेदाराला बोलवावं. केसासारख्या बारीक भेगा, ज्यांत नख अडकत नाही, त्या कितीही चांगल्या काँक्रीटला येतात, त्यावरून अनामत अडवून ठेवणं हे त्याच्यावर अन्यायाचं होईल. भेगेच्या दोन्ही बाजू एका पातळीत नसतील, एक बाजू पायाला उंच लागत असेल, तर खाली मुरूम बसला आहे किंवा माती फुगली आहे. अशा वेळी वरून सिमेंटचा घोळ ओतून देण्याची तयारी तो दाखवेल. ते घेऊ नये. तेवढा चौकोन काप्यापासून काप्यापर्यंत उखडायला लावावा, आणि वही काढून त्या जागेच्या मुरमाचं माप काय लिहिलं होतं ते दोघांनी मिळून बघावं.